ऊस कुणाला घालायचा: सहकारी, खासगी की गुऱ्हाळ?

उसाच्या लागणीची कारखान्याकडं नोंद द्यायची वेळ आली की हा विषय आता कोल्हापूर जिल्ह्यात, कागलपासून चंदगडपर्यंत, घराघरांत निघतो. मागच्या पिढीला हा प्रश्न नव्हताच. शेअर ज्या कारखान्याचा, ऊस त्याला, आणि विधानसभेचं मतही बहुतेक तिकडंच. १९९८ ला साखर कारखान्यांची परवाना पद्धत गेली, त्याच सुमारास झोनबंदीही, म्हणजे ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, उठली आणि खासगी कारखाने बांधाला येऊन उभे राहिले. आसुर्ले-पोर्लेचा सहकारी दत्त कारखाना आज दालमिया या खासगी समूहाकडे आहे, हलकर्णीचा दौलत कारखाना भाड्याने चालतो.

आधी दराचं बघू, सगळे तिथंच अडकतात. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, सहकारी आणि खासगी दोघांनाही सारखीच लागू आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर (उसातून निघणारी साखर) क्विंटलला ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. १२ टक्के उतारा धरला तर टनाला साधारण ४,१५५ होतात. यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि खरी मेख तिथं आहे. हा खर्च सरासरीनं कापतात. लांबून ऊस ओढणाऱ्या कारखान्याचं भाडं गेटजवळचा शेतकरीही भरतो. म्हणून जाहीर दराचा फलक सोडा, शेजाऱ्याचं मागच्या वर्षीचं बिल मागून बघा.

पैसे १४ दिवसांत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा कायदा आहे. राज्य सरकारनं २०२२ मध्ये एफआरपीचे दोन हप्ते करून टाकले होते. राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. थोडक्यात, एकरकमी मिळते ती रस्त्यावर आणि कोर्टात भांडून मिळालेली आहे. मालक सहकारी होता की खासगी, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

मग फरक कशात? तोडीत. सहकारात तुम्ही सभासद, तुमचा नंबर नोंदीच्या तारखेनं यायला हवा. येतोच असं नाही. संचालकांच्या विरोधी गटातला ऊस तुरे येईपर्यंत उभा राहतो, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. पण निदान पाच वर्षांनी मत मागायला ते दारात येतात, आणि वार्षिक सभेत अहवाल हातात घेऊन उभं राहता येतं. शिवाय उधारीवर खत-बियाणं, दिवाळीची साखर, सोसायटीचं कर्ज बिलातून परस्पर वळतं. खासगीवाला तोडणीची टोळी लवकर देतो, बिलही बऱ्याचदा वेळेवर काढतो. मात्र त्याची ही माया उसाच्या तुटवड्याची आहे. ऊस कमी असला की त्याचा शेती अधिकारी रोज बांधावर. ऊस उदंड झाला की फोन उचलत नाही, आणि त्याला पाडायला तुमच्याकडं मत नसतं. खुशाली (तोडीसाठी टोळीला द्यावे लागणारे वरचे पैसे) आणि काटामारी (वजनात चोरी) यांच्या बाबतीत मला दोघांत डावं-उजवं करता येत नाही. बाहेरच्या काट्यावर वजन करून मगच गाडी पाठवा, तशी मुभा आहे.

माझं मत विचाराल तर दोन-तीन एकरवाल्यानं शेअर असलेल्या सहकारी कारखान्यालाच ऊस घालावा, मागचे दोन हंगाम बिलं वेळेवर निघाली असतील तर. नसतील तर बिनदिक्कत खासगीला द्या. फक्त शेअर काढून घेऊ नका आणि क्रियाशील (कारखान्याशी व्यवहार चालू असलेल्या) सभासदाची अट पोटनियमात वाचून ठेवा, नाहीतर मतदानाच्या यादीतूनच नाव जायचं. दहा-पंधरा एकर असतील तर नोंद विभागून द्या. सीमेलगत असाल तर कर्नाटकातले कारखानेही आहेत, पण तिकडं बिल थकलं तर हेलपाटे दुसऱ्या राज्यात.

गुऱ्हाळाचं गणित निराळं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी एफआरपीसारखा आधार नाही. मार्केट यार्डातल्या सौद्यात त्या दिवशी जो निघेल तो दर. चांगला गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मिळणं अवघड, साखर मिसळलेला गूळ भाव पाडतो. पण तोडीसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही आणि रान लवकर मोकळं होतं. हरभरा किंवा गहू करायचा असेल तर एखादा तुकडा गुऱ्हाळाला काढा, सगळा ऊस नको.