दगड आधी की वेळापत्रक? जुन्या शहरांतील सार्वजनिक जागांच्या चार नमुन्यांची तुलना

गोव्यातील एखाद्या नगरपालिकेला किंवा नागरिक समितीला जुन्या वस्तीतील चौक, बाजाररस्ता किंवा नदीकाठ नव्याने घडवायचा असेल, तर तिच्यापुढे आज साधारण चार तऱ्हेचे नमुने असतात. पहिला दिल्लीच्या चांदनी चौकाचा, ज्यात संपूर्ण रस्ताच बदलला जातो. दुसरा चीनच्या किनाऱ्यावरील जुन्या पोर्तुगीज वसाहतीचा, मकावचा, ज्यात फरशीतून जागेचे रूप पालटते. तिसरा पुदुच्चेरीचा, ज्यात फक्त वेळ ठरवून वाहने थांबवली जातात. चौथा आपल्याच पणजीतला, कला अकादमी या सांस्कृतिक केंद्राचा, जिथे इमारतच लोकांची वाट होते. सादरीकरणात या चौघांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावली की पहिले दोन हटकून पसंत पडतात, कारण नवा दगड छायाचित्रात उठून दिसतो आणि वेळापत्रक दिसत नाही. निवडीतील गफलत नेमकी इथेच होते, असे माझे मत आहे, आणि पुढील तुलना त्या मताकडे झुकलेली आहे.

चांदनी चौक १६५० च्या सुमारास शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने वसवला. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या सुमारे १.३ किलोमीटर रस्त्याचा वास्तुविशारद प्रदीप सचदेवा यांच्या संस्थेने केलेला नवा आराखडा सप्टेंबर २०२१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. लाल दगडाची फरसबंदी झाली, डोक्यावर लोंबणाऱ्या तारांची जळमटे जमिनीखाली गेली आणि सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत मोटारवाहनांना बंदी आली. चालणाऱ्याला मोकळा रस्ता मिळाला, हे या योजनेचे निर्विवाद यश आहे. मात्र बंदीच्या वेळेतही दुचाकी आत शिरत राहिल्या आणि अंमलबजावणीत ढिलाई आली की दगडाला अर्थ उरत नाही, हेही तिथेच दिसून आले. शिवाय दिल्लीत या रस्त्याच्या तोंडाशी मेट्रो आहे आणि आत सायकलरिक्षा आहेत. आपल्याकडे पणजीच्या १८ जून रस्त्यावर खरेदीला येणारा माणूस बहुधा स्वतःच्या दुचाकीने येतो आणि रात्री आठनंतर परतीची बस मिळेल याची त्याला खात्री नसते. वाहनतळ आणि बस यांची सोय आराखड्यात नसेल, तर दिल्लीचा नमुना इथे अर्धाच आयात होईल.

याच जातीचा आणखी एक धडा अहमदाबादच्या भद्र चौकाचा आहे. भद्रचा किल्ला आणि तीन दरवाजा यांच्यामधली जागा २०१४ मध्ये पादचाऱ्यांसाठी मोकळी करण्यात आली, पण शतकानुशतके बाजार भरणाऱ्या जागेवरून फेरीवाले कुठे जाणार? त्यांच्या जागेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. मडगाव आणि म्हापसा येथे पालिका ज्यांच्याकडून रोज सोपो म्हणजे बाजारात बसण्याचा कर घेते, त्या विक्रेत्यांना आराखड्यात चौकट आखून देणे ही मेहरबानी नसून २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची अपेक्षा आहे. त्या कायद्यानुसार शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. वास्तुविशारदाची निवड होण्यापूर्वी ही समिती बसली पाहिजे. नंतर बसली तर तिच्या हाती फक्त तक्रारी उरतात.

मकावचा नमुना गोवेकरांना भुरळ घालतो यात नवल नाही, कारण पोर्तुगीज वारशाचा धागा दोन्हीकडे आहे. तिथल्या सेनादो चौकात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची लाटांसारखी फरशी बसवण्यात आली, वाहने हटवली गेली आणि २००५ मध्ये मकावच्या ऐतिहासिक केंद्राला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे आज ज्याला आपण जुने पोर्तुगीज वातावरण म्हणतो, त्यातली फरशी बरीच अलीकडची आहे. जागा देखणी झाली, पण पर्यटकांची रीघ लागली आणि रहिवाशांच्या गरजेची दुकाने मागे पडून सौंदर्यप्रसाधने आणि भेटवस्तूंची दुकाने पुढे आली.

पणजीत चर्चसमोरच्या चौकासाठी अशा फरशीचा विचार कोणी मांडलाच, तर त्याने आधी जून ते सप्टेंबर या महिन्यांचा विचार करावा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. आल्तिनो टेकडीच्या उतारावरून धावत येणारे पाणी खालच्या सखल भागात साचते, हे १८ जून रस्त्यावरच्या कोणत्याही दुकानदाराला विचारावे. गुळगुळीत दगडाच्या सांध्यांत ऑगस्टपर्यंत शेवाळ धरते आणि फेस्ताला म्हणजे चर्चच्या उत्सवाला किंवा प्रार्थनेला येणाऱ्या वयस्क माणसांसाठी तो चौक घसरगुंडी ठरतो. खरखरीत पृष्ठभाग, योग्य उतार आणि हाताने उघडून साफ करता येईल असे गटाराचे झाकण या तीन गोष्टी निविदेत स्वतंत्रपणे लिहिलेल्या नसतील, तर दगडाचा रंग कोणता यावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

पुदुच्चेरीचा नमुना दिसायला सर्वांत गरीब आहे. फ्रेंच वस्तीच्या कडेने जाणारा समुद्रकिनाऱ्याचा गुबेर मार्ग संध्याकाळी ६ पासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांसाठी बंद असतो. रस्ता तोच, डांबर तेच. अडथळे लावले जातात, पोलीस उभा राहतो आणि तासाभरात तिथे मुले, आजीआजोबा, फिरायला आलेली कुटुंबे दिसू लागतात. खर्च तुलनेने नगण्य आणि चुकले तर माघार घेता येते. मला हा नमुना सर्वांत शहाणा वाटतो, कारण इथे लोकांची सवय आधी तयार होते आणि बांधकाम करायचे झाले तर ते त्या सवयीच्या मागून येऊ शकते. चर्च चौकात ८ डिसेंबरच्या फेस्ताला फेरी म्हणजे जत्रेचा बाजार भरते तेव्हा हेच घडते. त्या दिवसांतली गर्दी कुठून येते, कुठे थांबते, दुकाने कुठे लागतात, गाड्या कुठे अडतात याची नोंद ठेवली तर अर्धा आराखडा फुकटात मिळतो. शिगमोत्सवाची मिरवणूक, कार्निव्हल आणि डिसेंबरातल्या कलामहोत्सवातील तात्पुरत्या मांडण्या यांतूनही अशीच माहिती मिळते, पण ती कोणी कागदावर उतरवत नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या गावांत मांड असतो, म्हणजे उत्सवासाठी राखलेली मोकळी जागा. वर्षातले बहुतेक दिवस तो रिकामा असतो आणि शिगम्याला ढोल-ताशांनी भरून जातो. त्याचे रिकामेपणच त्याचे मोल आहे. शहरी चौकाचे आराखडे मात्र कुंड्या, कारंजी, बाके आणि सेल्फीचे फलक यांनी असे भरलेले असतात की शिगम्याच्या मेळाला म्हणजे वाजत-नाचत जाणाऱ्या पथकाला वळायला जागा राहत नाही. सावली हवीच, पण ती कडेला आणि झाडांची.

सावलीचा विषय निघाला की कला अकादमीकडे यावे लागते. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू १९८३ मध्ये पूर्ण झाली. कांपालच्या रस्त्यावरून पाहिले तर ती उंच उठत नाही. पेर्गोलाच्या छताखालून आत शिरावे, कोणी तिकीट विचारत नाही, पायऱ्यांवर तालमीला आलेली मुले बसलेली असतात आणि तसेच पुढे चालत गेले की मांडवी नदी समोर येते. ऊन असो वा पाऊस, रस्ता आणि नदी यांच्यामधली ही वाट वापरता येते. चारही नमुन्यांत गोव्याच्या हवेचा विचार सर्वांत खोलवर इथेच झाला आहे. पण तिची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नूतनीकरणाचे काम सुरू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. खाऱ्या हवेतल्या काँक्रीटला सतत निगा लागते आणि ज्या पालिकेकडे देखभालीची वेगळी तरतूद नाही, तिने या वाटेला जाताना दहादा विचार करावा.

मग निवड कशी करावी? जागा चर्च चौकासारखी वर्दळीची असेल, तर एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह, पुदुच्चेरीप्रमाणे वेळेची बंदी चालवून पाहावी आणि त्यानंतरच गटारे व फरशी हाती घ्यावी. म्हापशाच्या बाजारासारखी जागा असेल, तर भद्रचा अनुभव समोर ठेवून विक्रेत्यांच्या जागेपासून सुरुवात करावी आणि शुक्रवारच्या गर्दीला मोजमाप मानावे. नदीकाठ असेल आणि तिथे एखादी जुनी सरकारी इमारत रिकामी पडली असेल, तर तिच्यातून आरपार वाट काढणे हा कला अकादमीने दाखवलेला मार्ग नव्या विहारपथापेक्षा सरस ठरेल. २००४ च्या चित्रपट महोत्सवासाठी जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत दुरुस्त होऊन लोकांच्या वापरात आली, तेव्हा जुनी वास्तू पाडल्याशिवायही नवी जागा मिळते हे पणजीने पाहिलेले आहे.

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या निवासी वस्तीसाठी मात्र यांपैकी एकही नमुना मी सुचवणार नाही. तिथे गल्ली हीच घराची ओसरी आहे आणि छायाचित्रांसाठी दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांना रहिवासी आधीच कंटाळले आहेत. तिथे बाहेरच्या वाहनांचा तळ वस्तीबाहेर हलवणे, तारा आणि गटारे नीट करणे आणि रहिवाशांनी मागितल्याखेरीज दुसरे काहीही न बांधणे एवढेच काम पुरेसे आहे.