कुडाळची सादरीकरण कार्यशाळा: पहिला दिवस कंटाळवाणा, दुसरा पैसा वसूल

मी रत्नागिरीत डिझाइनच्या मुलांना शिकवते. पोरं चित्रं झकास काढतात, पण ज्युरीसमोर उभी राहिली की स्क्रीनकडे तोंड करून स्लाइडवरचा मजकूर वाचून दाखवतात. म्हणून तिसऱ्या वर्षाची बॅच घेऊन या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले.

पहिला दिवस सोडूनच द्या. फॉन्ट कुठला, ट्रान्झिशन कुठलं, हात कुठे ठेवायचे... हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं. त्यात प्रोजेक्टर इतका मंद की पिवळा आणि पांढरा एकच दिसत होते.

दुसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळी गावाला नेलं. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट गाऊन सांगायची कला, आमच्या मुलांनी परीक्षेपुरती वाचलेली. तिथले चित्रकथी कलाकार परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, एवढं पाठ. पण वीणा, टाळ, हुडुक (छोटं चर्मवाद्य) सुरू झाले, पोथीतलं एकेक सुटं चित्र पुढे यायला लागलं आणि मोबाइल आपोआप खिशात गेले. एक पोथी म्हणजे रामायण-महाभारतातलं एक आख्यान. जे सांगायचं ते गळ्यातून, चित्राने फक्त प्रसंग उभा करायचा. आणि एक चित्र समोर असताना पुढचं दिसत नाही. आमच्याकडे पहिल्याच स्लाइडवर अनुक्रमणिका असते, मग पुढे काय येणार याची उत्सुकता राहणार कशी?

परत आल्यावर प्रशिक्षक बाईंनी लॅपटॉप बंद करायला लावले. एका मुलीचा प्रकल्प कोकम आगळाच्या बाटलीचा. आदल्या दिवशी तिने 'टार्गेट ऑडियन्स'पासून सुरुवात केली होती. आता जाड कागदावर ब्रशपेनने चित्रं काढली. पहिलं, फोडलेला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ. दुसरं, मिठात घातलेली सालं आणि बरणीत सुटलेला रस. तिसरं दाखवण्याआधी थांबली नि म्हणाली, "आईच्या बाटल्या एसटीत गळतात." मग ओघळलेल्या पिशवीचं चित्र. झाकण दुहेरी का, हे वेगळं सांगावंच लागलं नाही. बाईंनी एकच दुरुस्ती केली: "चित्र तोंडापुढे नको गो, बाजूला धर. तुझे डोळेही दिसूदेत."

फी माणशी दीड हजार, जेवणासकट. सोलकढी पातळ होती, ते असो. पिंगुळीचा दिवस वेगळा करून निम्म्या फीत द्या, असं आयोजकांना कळवलंय. दिला तर दुसऱ्या वर्षाची पोरंही घेऊन येईन.