पोर्टल, पोलीस ठाणे, न्यायालय की माहिती अधिकार? पुण्यात गुन्ह्याचे व अटकेचे कागद मिळवण्याच्या मार्गांची तुलना

गुन्ह्याचा किंवा अटकेचा कागद हवा असला, की पुण्यात पहिला सल्ला मिळतो तो ‘माहिती अधिकारात टाका’ असा. सल्ला चुकीचा नाही, पण बहुतेक वेळा तो अवेळी दिलेला असतो. जो कागद पोलीस ठाण्यात हक्काने मिळाला असता किंवा घरबसल्या पोलिसांच्या पोर्टलवरून उतरवून घेता आला असता, त्यासाठी माणूस तीस दिवस थांबतो आणि शेवटी त्याच्या हाती नकाराचे पत्र पडते. म्हणून मार्ग निवडण्याआधी एकच गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्यावी: या प्रकरणात आपण कोण आहोत? फिर्यादी, पीडित, आरोपी, अटकेतल्या माणसाचे नातेवाईक की निव्वळ तिऱ्हाईत? याच्या उत्तरावर निम्मी निवड ठरते.

उरलेली निवड हद्दीवर ठरते, आणि पुण्यात हद्दीचा घोळ मोठा आहे. एकाच जिल्ह्यात तीन स्वतंत्र पोलीस दले काम करतात. पुणे शहर आयुक्तालय १९६५ पासून आहे, पिंपरी-चिंचवड आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले आणि उरलेला भाग पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे आहे, ज्यांचे कार्यालय पाषाण रस्त्यावर आहे. हिंजवडीत नोकरी करणारा माणूस स्वतःला पुणेकर म्हणवतो, पण त्याच्या हद्दीतला गुन्हा पिंपरी-चिंचवडच्या दप्तरी असतो. लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी २०२१ पर्यंत ग्रामीणमध्ये होती, त्यानंतर शहरात आली. लोहमार्ग पोलीस तर आणखी वेगळे, म्हणजे पुणे स्थानकाच्या फलाटावर पाकीट मारले गेले तर बंडगार्डन ठाण्यात शोधून उपयोग नाही. पोर्टलवर जिल्हा निवडताना ‘पुणे शहर’ घेतले आणि काही सापडले नाही, यावरून गुन्हाच दाखल नाही असा निष्कर्ष काढणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

आता पोर्टलविषयी. युथ बार असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, प्रथम खबर अहवाल, म्हणजे आपण ज्याला एफआयआर म्हणतो तो, नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर आला पाहिजे; जोडणीची अडचण असेल तिथे ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणे आणि तारखांचा टप्पा देऊन तो शोधता येतो. खर्च शून्य, ओळख सांगण्याची गरज नाही, तिऱ्हाइतालाही दार उघडे. वेग आणि सोय या दोन्ही बाबतींत याच्या जवळपास जाणारा दुसरा मार्ग नाही.

मात्र त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. लैंगिक अपराध, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांतले अहवाल तिथे ठेवले जात नाहीत. अदखलपात्र नोंद, जिला सगळे ‘एन.सी.’ म्हणतात, ती एफआयआर नसल्याने तिथे दिसत नाही. शेजाऱ्याशी झालेल्या शिवीगाळीचा कागद पोर्टलवर शोधणे व्यर्थ आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एफआयआर ही गोष्टीची सुरुवात असते. पुढे तपासात काय निघाले, दोषारोपपत्र गेले की नाही, आरोपी सुटला की दोषी ठरला, यांपैकी एकही गोष्ट त्या पानावर नसते. लग्न ठरवताना किंवा भाडेकरू ठेवताना निव्वळ पोर्टलवरच्या एका पानावर निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते.

आपण फिर्यादी किंवा पीडित असाल, तर पोर्टलपेक्षा ठाण्याचा मार्ग सरस आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, आणि ती शिक्क्यासह असते. विमा कंपनीला नेमका तो शिक्का हवा असतो. त्याच संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा ‘तपास चालू आहे’ एवढे ऐकून परत येण्याऐवजी या कलमाचा उल्लेख असलेला साधा अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. आरोपीलाही स्वतःच्या किंवा प्रतिनिधीच्या अर्जावर, फी भरून, २४ तासांत प्रमाणित प्रत मिळावी असे २०१६ च्या त्याच निर्देशांत आहे. ठाणे अंमलदाराशी बोलताना गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे ‘गु.र.नं.’, तोंडपाठ असावा. ‘गेल्या महिन्यातली ती चोरी’ एवढ्यावर कोणी रजिस्टर उलगडून बसत नाही.

अटकेची माहिती हा वेगळाच विषय आहे, कारण इथे दिवस नव्हे तर तास मोजायचे असतात. अटक केलेल्या व्यक्तीला अटकेचे कारण सांगणे, ती सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे, साक्षीदाराच्या सहीनिशी अटकेचा कागद तयार करणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे, ही सर्व बंधने कायद्याने घातली आहेत, अटकेच्या वेळी पोलिसांनी कसे वागावे याविषयीच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी अनेक आधीच घालून दिली होती. शिवाय संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमून, अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि अपराधाचे स्वरूप ठळकपणे लावायचे असते, डिजिटल स्वरूपातही. तेव्हा नातेवाइकाने आधी ठाणे गाठावे, फलक पाहावा, या कामासाठी नेमलेला अधिकारी कोण ते विचारावे.

इथे माहिती अधिकाराचे समर्थक सांगतात, की जीवित आणि स्वातंत्र्याशी निगडित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. तरतूद खरी आहे. पण हिशेब करून पाहा: ४८ तासांचे उत्तर येईपर्यंत तो माणूस २४ तासांच्या मुदतीत शिवाजीनगरच्या न्यायालयात हजर होऊन पोलीस कोठडीत किंवा येरवड्याला गेलेला असतो. अटकेच्या पहिल्या दिवशी अर्ज लिहीत बसण्यापेक्षा वकील गाठावा. रिमांडचा, म्हणजे कोठडी मागण्याचा, अर्ज आणि त्यावरचा आदेश न्यायालयाच्या दप्तरात असतो, आणि आरोपीच्या वकिलाला तो तिथेच पाहता येतो.

न्यायालयाचा मार्ग लोक विसरतात, याचे कारण तो अवघड वाटतो. वास्तविक दोषारोपपत्र किंवा अंतिम अहवाल एकदा न्यायालयात गेला, की तेच त्या कागदांचे घर ठरते. माझ्या मावसभावाची दुचाकी चोरीला गेली तेव्हाचा अनुभव सांगतो. विमा कंपनीने ‘अ समरी’ मागितली. गुन्हा खरा, पण आरोपी व माल सापडत नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयाला देतात, त्याला आपल्याकडे हे नाव आहे. ‘ब’ खोट्या फिर्यादीसाठी आणि ‘क’ खरी-खोटी काहीच न ठरणाऱ्या प्रकरणासाठी. भावाने एका ठाण्याकडे माहिती अधिकारात अर्ज केला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले, की कागदपत्रे न्यायालयात सादर केली आहेत. मग आम्ही ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकून प्रकरण शोधले, सी.एन.आर. क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा सोळा अक्षरांचा ओळख क्रमांक, टिपून घेतला, आणि शिवाजीनगरला नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज दिला. प्रमाणित नक्कल मिळाली, दावा पुढे सरकला. तो महिना मात्र फुकट गेला होता.

आरोपीला पोलीस अहवालाच्या आणि जोडकागदांच्या प्रती कलम २३० नुसार विनामूल्य मिळतात, आणि नव्या संहितेत वकिलामार्फत उपस्थित असलेल्या पीडितालाही हा हक्क दिला आहे. तिऱ्हाइताला मात्र नक्कल का हवी, हे कारण देऊन पटवावे लागते. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावानेही शोध घेता येतो, पण पुण्यात एकाच नावाआडनावाची माणसे पैशाला पासरी असतात. वडिलांचे नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय त्या यादीवर विसंबू नये.

मग माहिती अधिकाराचा उपयोग कशासाठी? माझ्या मते दोनच प्रसंगी तो पहिला पर्याय ठरावा. एक, आपण तिऱ्हाईत आहोत आणि आपल्याला एखाद्या व्यक्तीची नव्हे तर कारभाराची माहिती हवी आहे, उदाहरणार्थ एका ठाण्यात वर्षभरात वाहनचोरीचे किती गुन्हे नोंदले आणि किती उघडकीस आले. दोन, पोलिसांनी अर्जाची पोच देऊनही पुढे काहीच केले नाही आणि त्या अर्जाचे काय झाले याची नोंद काढायची आहे. महाराष्ट्रात अर्जासोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, प्रतीसाठी पानाला २ रुपये, विषय एकच आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत. राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइनही अर्ज करता येतो. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील. ही शेवटची पायरी गाठेपर्यंत महिने जातात, हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

नकार येतो तो बहुधा माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) किंवा (ञ) खाली: पहिल्यात तपासाला बाधा, दुसऱ्यात वैयक्तिक माहिती. तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटले आहे. अपिलात हा निवाडा अवश्य नमूद करावा. प्रश्नाची भाषाही निकाल ठरवते. ‘अमुक व्यक्तीवर आजवर किती गुन्हे आहेत?’ हा प्रश्न फेटाळला जाण्यासाठीच लिहिल्यासारखा असतो. ‘गु.र.नं. अमुक, वर्ष २०२३ मधील अंतिम अहवाल कोणत्या तारखेस, कोणत्या न्यायालयात, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला, त्या नोंदीची प्रत द्यावी’ या वाक्याला उत्तर देणे अधिकाऱ्याला टाळता येत नाही.

राहिला दुसऱ्याच्या पूर्वेतिहासाचा प्रश्न. नोकरी देणाऱ्याने किंवा घरमालकाने कोणाचे ‘रेकॉर्ड’ परस्पर काढण्याच्या खटपटीत पडू नये. उमेदवारालाच स्वतःचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून आणायला सांगावे. परदेशासाठी लागत असेल तर तो दाखला पासपोर्ट सेवेतून मिळतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे ही मालकाने पुरवलेली नोंद आहे, तिची पावती म्हणजे भाडेकरूच्या वर्तनाचा दाखला नव्हे, हे सोसायटीच्या अनेक सचिवांना अजून पटलेले नाही. बालवयातल्या प्रकरणांबाबत तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने, प्रकरण निकाली निघाले असेल तर चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ती नोंद उघड करण्यास पोलिसांना मनाई केली आहे.

तेव्हा फिर्यादीने ठाणे, आरोपीच्या घरच्यांनी ठाणे आणि वकील, विमादाव्यासाठी अहवाल हवा असणाऱ्याने न्यायालयाचा नक्कल विभाग आणि उत्सुक तिऱ्हाइताने पोर्टल, असा क्रम मी सुचवेन. प्रकरण संवेदनशील असल्याचे सांगून एफआयआरची प्रत नाकारली गेली आणि ते पटत नसेल, तर माहिती अधिकाराआधी पोलीस आयुक्तांना, ग्रामीण भागात अधीक्षकांना, लेखी निवेदन द्यावे. अशा तक्रारीसाठी तीन अधिकाऱ्यांची समिती असावी आणि तिने तीन दिवसांत निर्णय द्यावा, असे २०१६ च्या निर्देशांतच आहे. निवेदनावर ठाण्याचे नाव, गुन्ह्याची तारीख आणि आपला मोबाइल क्रमांक लिहायला विसरू नये, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.