हक्कसोड करू की उताऱ्यावर नाव ठेवू?

मावसबहिणीचा काल फोन आला, बाबांचं कार्य होऊन महिना नाही झाला आणि भावानं हक्कसोडीचा बाँड, म्हणजे माहेरच्या जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, तयार करून आणलाय, सही करू काय गं. तिला सांगितलं तेच लिहितेय, आपल्या बेळगाव-खानापूर भागात हा कागद किती जणींपुढं येतो.

हक्कसोडीची सोय एवढीच की काम एका दिवसात उरकतं. सब-रजिस्ट्रारकडं फोटो, अंगठा, सही, झालं. माहेरचं येणंजाणंही गोड राहतं, हे मी हलकं मानत नाही. पण रजिस्टर झालेली हक्कसोड मोडायची तर कोर्टात जाऊन फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते. माझ्या आत्यानं अशीच सही केली, कागद सगळा कन्नडमधी, तिचं कन्नड बाजारापुरतं. तिचे यजमान वारले, ती माहेरी आली, पुढं रस्त्याला माहेरची जमीन गेली आणि भरपाईच्या नोटिशीत तिचं नावच नाही. साठीतही दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते.

नाव ठेवायचं तर वारसा नोंद करायची, मग पहाणीवर, म्हणजे आपल्याकडच्या जमिनीच्या उताऱ्यावर, सगळ्यांची नावं एकत्र लागतात, कन्नडात जंटी म्हणतात ते. भावाला बँकेचं कर्ज काढताना सगळ्यांच्या सह्या लागतात, त्याची अडचण खरी आहे, ती समजून घ्यावी. तुकडा वेगळा हवा असेल तर 11ई नकाशा (तुकड्याच्या मोजणीचा), पोडी (सर्व्हे नंबर फोडून वेगळा करणं), सर्व्हेवाल्याच्या फेऱ्या. पण लगेच वाटणी करायलाच पाहिजे असं कुठं आहे? कसू दे की भावाला, तू सुगीला चार पोती भात घे, फक्त ते लिहून ठेव.

कायदा म्हणशील तर वडिलोपार्जित जमिनीत कर्नाटकानं मुलींना 1994 मध्येच वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वडील 2005 च्या आधी वारले असले तरी हक्क आहे. पण 20 डिसेंबर 2004 च्या आधीची रजिस्टर किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी असेल तर ती तशीच राहते.

1974 च्या कूळकायद्यानं आपल्याकडं कितीतरी कुळांना जमिनी मिळाल्या, फार मोठं काम झालं ते, पण नावं लागली बहुतेक घरच्या बाप्यांची, रोप लावणारी बाई कागदावर आलीच नाही. म्हणून मी नाव ठेवायच्याच बाजूची आहे.

बहिणीला म्हटलं, बाँड परत दे, भांडू नको, मृत्यूचा दाखला आणि वंशवृक्ष काढून ठेव, सोमवारी तहसीलदार कचेरीत मी येते तुझ्याबरोबर.