पत्रिका आली, लग्न नव्हतंच

सोलापुरात गड्ड्याची यात्रा उरकत आली होती, पण होम मैदानावरचे पाळणे अजून फिरत होते. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सूतवाल्या अण्णांच्या नंबरवरून व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, 'सहकुटुंब सहपरिवार यावे'. खाली एक फाइल होती, 'लग्नपत्रिका', आणि नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरं. अण्णांकडून मी कित्येक वर्षं उधारीवर सूत उचलतोय. त्यांच्या धाकटीचं जमल्याचं कानावर आलंच होतं. शंका यायला जागाच नव्हती. अक्कलकोट रोडला आमचे टॉवेलचे सहा लूम खडखडत होते, माझ्या एका हातात चहाचा ग्लास होता. पत्रिका बघायला अशा वेळी चष्मा कोण लावतो?

ती तीन अक्षरं तेव्हाच वाचली असती तर पुढचं टळलं असतं. पत्रिका म्हणजे फोटो असतो, नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर चढवायचं अख्खं अॅप.

दाबल्यावर फोन म्हणाला, इथून आलेलं अॅप टाकायला परवानगी नाही, सेटिंग्जमध्ये जा. गेलो, बटण सरकवलं. मग गुगलच्या प्ले प्रोटेक्टने विचारलं, धोका आहे, तरीही टाकायचं? टाकलं. एसएमएस वाचू द्यायचे का? हो. नोटिफिकेशन बघू द्यायच्या का? हो. शेवटी अॅक्सेसिबिलिटी. ही सोय खरं तर ज्यांना नीट दिसत नाही किंवा ज्यांचा हात नीट चालत नाही त्यांच्यासाठी असते. ती ज्या अॅपला दिली, ते आपला स्क्रीन वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. तिथेही हो. लग्नाच्या पत्रिकेला माझे एसएमएस कशाला हवेत, हे एकदाही मनात आलं नाही. लोक म्हणतात, फोन हॅक झाला. हॅक कसला बे! पाच वेळा विचारलं, पाचही वेळा मीच दार उघडलं.

पत्रिका काही दिसली नाही. पांढरं पान आलं, गेलं, आयकॉनही गायब. नेट स्लो असेल म्हणून सोडून दिलं. रात्री जेवणानंतर कामगारांच्या पगारासाठी बँकेचं अॅप उघडून शिल्लक पाहिली. पासवर्ड टाकला तेव्हा तो बघणारे आम्ही दोघं होतो.

सकाळी खात्यातून दोन हप्त्यांत ४८,२०० रुपये गेलेले. बँकेत मी आवाज चढवून सांगत होतो की मला ओटीपी आलाच नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याने फोनवर समजावलं, "मामा, ओटीपी आला होता. तुम्हाला दिसायच्या आधी त्या अॅपने तो पुढे पाठवला आणि तुमच्याकडून लपवला."

पेगासस मी पेपरात वाचलं होतं. २०२१ मध्ये त्यावर किती गदारोळ झाला! इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं ते हत्यार काही न दाबताही फोनमध्ये शिरू शकतं. म्हणून मला वाटायचं, हेरगिरी मंत्र्या-पत्रकारांची होते, टॉवेलवाल्याची कोण करणार? पण टॉवेलवाल्यासाठी एवढ्या महागड्या हत्याराची गरजच नसते, एक पत्रिका पुरते.

भाच्याने पहिलं सांगितलं ते विमान मोड चालू करा, वायफायही बंद. मग अॅप काढायला गेलो, तर सेटिंग्जचं पान उघडलं की आपोआप मिटायचं. शेवटी फोन सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात बाहेरून टाकलेली अॅप चालत नाहीत. तिथे अॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अॅडमिन या दोन्ही याद्यांतून त्याला काढलं, तेव्हा कुठे ते निघालं. कॉल दुसरीकडे वळवलेले असतात, ते रद्द व्हावेत म्हणून ##००२# फिरवायला लावलं. पासवर्ड मात्र या फोनवरून बदलायचे नाहीत, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप वेब कायम उघडं असायचं, तेही लॉगआउट केलं.

आणखी एक चूक माझीच. चिडून मी तो मेसेज आधीच पुसला होता. पोलिसांनी फाइलचं नाव, आल्याची वेळ, स्क्रीनचा फोटो मागितला, तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं. दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवायला हवे होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तोवर पैसे जाऊन अर्धा दिवस झालेला. दुसऱ्या हप्त्याचे १८,२०० समोरच्या खात्यात अडवले गेले, पहिले तीस हजार तोवर पुढे निघून गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. बँक म्हणते, परवानग्या तुम्ही दिल्या. भांडतोय अजून.

अण्णांना फोन केला तर ते माझ्याआधीच रडकुंडीला आलेले. त्यांना ती पत्रिका त्यांच्या साडूच्या नंबरवरून आली होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर रात्रीत माझ्या नावाने पत्रिका गेली होती. टॉवेलवाल्यांच्या ग्रुपवर, पोराच्या क्लासच्या सरांना, मेहुण्याला. दिवसभर फोन करून एकेकाला सांगत बसलो, "उघडू नका, माझी नाही."

तात्यांना फोन करायला उशीर झाला. आमच्याकडचे सगळ्यात जुने कामगार. त्यांचे ६,५०० गेले.

"तात्या, माझं पोरगं दहावीत आहे हो, लग्न कुणाचं असणार?"

"मला वाटलं पुतण्याचं असंल. मालकाची पत्रिका, उघडायची नाही व्हय?"

शनिवारी पगाराच्या पाकिटात ते पैसे घातले. त्यांनी ठेवून घेतले, पण पगार रोखच द्या म्हणाले. माझा नंबर त्यांच्या नातवाने ब्लॉक करून टाकलाय. लूम बंद ठेवायचा असला की आता मी शेजारच्या पोराला त्यांच्या घरी निरोप घेऊन पाठवतो.