अर्ध्या ब्लेडचा वस्तरा: गालाला सोपा, हनुवटीला अवघड

सलूनमध्ये असतो तोच अर्ध्या ब्लेडचा घडीचा वस्तरा ठाण्यात सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानांत शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. गाल आणि कल्ल्यांपुरते पैसे वसूल. हनुवटी, नाकाखाली आणि कंठमण्यावर मात्र त्याच्या उणिवा दिसतात.

पहिली उणीव वजनाची. धार लावून वापरायचा जुना, ५/८ इंच रुंद पात्याचा वस्तरा स्वतःच्या भाराने चालतो. हा हलका, त्यामुळे नवखा हात नकळत दाबतो आणि पातं रुततं. दुसरी, कोपरे. जुन्या वस्तऱ्याला गोल टोक मिळतं, इथे ब्लेडचा कोपरा टोकदारच राहतो. म्हणून दुकानातच ब्लेड बसवून पाहा: कोपरा होल्डरबाहेर डोकावत असेल, ब्लेड खाचेत हलत असेल किंवा मुठीचा रिव्हेट सैल असेल, तर दुसरा नग मागा. पूर्ण ब्लेड मोडून अर्धं करताना ते कागदातून काढू नका, वेष्टनासकट मधोमध दुमडायचं.

पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत धरावं. जास्त उभं झालं की खरवडतं, फार आडवं झालं की केस ओढतं. आणि पातं धारेच्या रेषेत आडवं कधीच सरकू द्यायचं नाही. बहुतेक काप त्यानेच होतात.

हनुवटी शेवटी घ्या, तोवर तिथले राठ केस फेसात मुरतात. फेस वाळला असेल तर ब्रश पुन्हा फिरवा. खालचा ओठ दातांवर ओढून घ्या, मोकळ्या हाताने कातडी बाजूला ताणा आणि एकेक सेंटीमीटरचेच हात मारा. एका दमात वळसा घेतला तर गोलाईवर कोन बदलतो आणि पातं नेमकं टोकावर लागतं. नाकाखाली वरचा ओठ दातांवर खाली ताणायचा, दुसऱ्या हाताने नाकाचा शेंडा वर उचलायचा, आणि पातं सरळ खाली आणायचं. नाकपुडीलगतचे चार केस राहिले तर राहू द्यावेत. त्यांच्यासाठी कोपरा आत घालणं परवडत नाही.

कंठमण्यावर थेट पातं चालवू नका. कातडी दोन बोटं बाजूला सरकवून सपाट भागावर आणा, मग दाढी करा, नंतर दुसऱ्या बाजूने तेच. मानेवरचे केस बऱ्याचदा कानाकडे आडवे वळलेले असतात. आधी कोरड्या बोटाने चाचपून दिशा बघावी. पहिले काही आठवडे मानेवर केसांच्या दिशेविरुद्ध उलटा हात नकोच. केस आतल्या आत वाढून पुटकुळ्या येतात.

घोडबंदर रोडवर टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल, तर फेस पटकन बसतो. साबण थोडा जास्त घ्या, फेसापुरतं आरओ फिल्टरचं पाणी वापरा. पावसाळ्यात होल्डरच्या खाचेत पाणी साचून गंज धरतो, म्हणून दाढी झाल्यावर ब्लेड काढून दोन्ही पुसून ठेवायचं. दोन-तीन दाढ्यांनंतर अर्धं ब्लेड बदला. बोथट ब्लेड हनुवटीवरच आधी दगा देतं. जुनी ब्लेडं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका, नाहीतर कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापेल.

दाट, राठ दाढीवाल्यांनी हनुवटीला सुरुवातीला साधा सेफ्टी रेझर वापरावा आणि वस्तऱ्यावर हात गालावर बसवावा.