भुसावळात घडलेला तांब्याचा बॉयलर आणि बागेतले रूळ

भुसावळच्या एका लेथ कारखान्याने माझ्या छोट्या वाफेच्या इंजिनासाठी केलेला तांब्याचा बॉयलर उत्कृष्ट आहे. चांदीच्या डाखाने भरलेल्या सांध्यांची कामाच्या दुप्पट दाबाने पाण्याची चाचणी माझ्यासमोर घेतली, तेव्हा कुठेही थेंब पाझरला नाही. बागेत ४५ मिलिमीटर गेजचे (दोन रुळांमधल्या अंतराचे) पितळी रूळ बसवताना मात्र त्यांनी खानदेशी उन्हाचा विचार केला नाही. तापमान ३० अंशांनी वाढले की १० मीटर पितळ सुमारे ६ मिलिमीटर लांबते. सांध्यांत फट नसल्याने एप्रिलमध्येच वळणावर रूळ बाहेर फुगले. तक्रारीनंतर त्यांनी विनामोबदला फटी ठेवून ते पुन्हा बसवले. पाचोरा-जामनेर (‘पीजे’) या छोट्या रेल्वेचा जुना ७६२ मिलिमीटर गेज याच रुळांवर साधारण १:१७ प्रमाणात बसतो, तेव्हा ‘पीजे’चे इंजिन करू पाहणाऱ्यांनी बॉयलर निःशंकपणे येथेच घडवून घ्यावा.